शिकारी रायफलीवर स्कोप बसवणे आणि दूरचा नेम लावणे: कोल्हापुरातील एका कारागिराच्या कामाचा अनुभव

आमच्या घरी आजोबांच्या वेळची थर्टी-ओ-सिक्स बोअरची एक बोल्ट रायफल, म्हणजे बोल्ट नावाचा दांडा हाताने मागे-पुढे सरकवून काडतूस भरायची रायफल, आहे. ती घेतली होती शिकारीसाठी. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आजोबांनी शिकार सोडली आणि रायफल कपाटात गेली. वडिलांच्या पश्चात परवाना रीतसर माझ्या नावावर झाल्यापासून मी ती केवळ कागदी टार्गेटवर आणि केवळ मान्यताप्राप्त रेंजवर चालवतो. नेहमी १०० मीटरवर, आणि वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी संधी मिळाली तर ३०० मीटरवर. या रायफलीवरची दुर्बीण, जिला आम्ही सगळे स्कोपच म्हणतो, नव्याने बसवून आणि तपासून देण्याचे काम कोल्हापुरातील एका परवानाधारक बंदूक-दुरुस्ती कारागिराने गेल्या हिवाळ्यात केले. ते काम मी जवळ बसून पाहिले, आणि ज्यांच्याकडे अशी रायफल आहे त्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहीत आहे. दुकानाचे नाव आणि पत्ता मुद्दाम देत नाही, कारण जेथे लोकांची शस्त्रे दुरुस्तीला ठेवलेली असतात ती जागा अशी जाहीर करणे मला योग्य वाटत नाही. परवानाधारकांना रेंजवर चौकशी केल्यास ती सहज कळेल.

आधी या कामाची वेळ का आली ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरातील दुकानातून मी हा स्कोप घेतला आणि तेथेच तो बसवून घेतला. स्कोप ४ ते १६ पट मोठे दाखवणारा, ४४ मिलिमीटरच्या पुढच्या काचेचा, ३० मिलिमीटर जाडीच्या नळीचा आहे. त्याच्या वरच्या आणि बाजूच्या नॉबची प्रत्येक क्लिक पाव एमओएची (एमओए हे कोनाचे माप, अंशाचा साठावा भाग), म्हणजे १०० मीटरवर साधारण ७.३ मिलिमीटरची आहे. दुकानदाराने अर्ध्या तासात स्कोप बसवून दिला आणि १०० मीटरला झिरोही करून दिला, म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तेथेच गोळी लागेल असा लावून दिला. पण तो झिरो कधी टिकलाच नाही. प्रत्येक वेळी रेंजवर गेलो की पहिला ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, सहा-सात सेंटिमीटर सरकलेला असे. बाजूच्या नॉबच्या चार क्लिक फिरवल्या तर गोळी जागची हलत नसे आणि पुढच्या दोन क्लिकना एकदम उडी मारून पलीकडे जात असे. मी आधी काडतुसांना दोष दिला, मग स्वतःच्या श्वासाला आणि चाप ओढण्याच्या सवयीला. जवळजवळ दीड वर्ष आणि महागाची कितीतरी काडतुसे मी या चुकीच्या समजुतीत घालवली.

कोल्हापुरात नेमबाजीची जाण मोठी आहे, हे सांगायला नको. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले, आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक आणले. मात्र एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही: या रायफल प्रकारांत स्कोप चालतच नाही. तेथे मागे बारीक छिद्राची आणि पुढे कड्याची साइट असते. त्यामुळे आपल्याकडच्या रेंजवरची पंधरा वर्षांची मुलगीही छिद्राच्या साइटच्या क्लिक झोपेत सांगेल, पण शिकारी रायफलीवर स्कोप नीट बसवून देणारा माणूस शोधावा लागतो. दाजीपूरचे जंगल ही एकेकाळी कोल्हापूरच्या छत्रपतींची राखीव शिकारीची जागा होती, १९५८ साली तिचे अभयारण्य झाले. त्या काळातल्या रायफली काही घरांत अजून आहेत, पण त्या सांभाळणारे जुने कारागीर बहुतेक गेले. मी ज्यांच्याकडे गेलो ते त्या पिढीतले जवळजवळ शेवटचे आहेत. साठी ओलांडलेले आहेत. सगळे त्यांना काकाच म्हणतात.

पहिल्या भेटीत काकांनी मूळ परवाना पाहिला, त्यावरचा क्रमांक रायफलीवरच्या क्रमांकाशी जुळवला, नोंदवहीत नोंद केली, नळी आणि चेंबर रिकामे असल्याची स्वतः खात्री केली आणि बोल्ट काढून माझ्या हातात दिला. मी अधीरपणे नॉबकडे बोट दाखवून तक्रार सांगू लागलो, तेव्हा ते म्हणाले, “नॉबला हात लावू नगासा अजून. आधी त्यो कशावर बसलाय ते बघूया.” त्यांच्या सगळ्या कामाची पद्धत मला त्या एका वाक्यात दिसली. त्यांनी बाजूच्या नॉबच्या क्लिक दोन्ही टोकांपर्यंत मोजल्या. उजवीकडे केवळ २६ शिल्लक होत्या, डावीकडे २१४. म्हणजे एकूण २४० क्लिकच्या प्रवासात माझा झिरो मध्यापासून ९४ क्लिक दूर, जवळजवळ कडेला, लागलेला होता.

याचा अर्थ त्यांनी समजावून सांगितला तो असा. स्कोपच्या बाहेरच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते; आपण नॉब फिरवतो तेव्हा ती आतली नळी स्प्रिंगच्या विरुद्ध ढकलली जाते आणि तिच्याबरोबर नेमाची जागा सरकते. ती मध्याजवळ असते तोवर स्प्रिंगचा दाब सम राहतो आणि प्रत्येक क्लिकला ती तेवढीच सरकते. कडेला गेली की दाब बिघडतो, क्लिक दिली तरी नळी अडकून राहते आणि धक्क्याने मोकळी झाली की एकदम सरकते. माझ्या टार्गेटवरची ती उडी म्हणजे नेमके हेच होते. शिवाय बाहेरची नळी गोल असल्यामुळे आतली नळी एका बाजूला कडेला गेली की वर-खाली जाण्याची तिची जागाही कमी होते, आणि दूरच्या पल्ल्याला तर उंचीचीच क्लिक जास्त लागते.

आता नॉब एवढा कडेला का न्यावा लागला, याचे कारण स्कोपच्या खाली होते. जुना बेस, म्हणजे स्कोप धरणाऱ्या रिंगांच्या खालची पट्टी, सोडवल्यावर दिसले की रायफलीच्या रिसीव्हरवरचे (बोल्ट ज्यात सरकतो त्या भागावरचे) मागचे भोक, जे कधी काळी कोणी हाताने पाडले असावे, रायफलीच्या नळीच्या मध्यरेषेपासून पाऊण मिलिमीटर डावीकडे आहे. पुढच्या आणि मागच्या भोकांत ११० मिलिमीटरचे अंतर आहे. ११० मिलिमीटरला पाऊण मिलिमीटर, तर १०० मीटरला किती, हे त्रैराशिक काकांनी माझ्याकडूनच करून घेतले. उत्तर येते सुमारे ६८ सेंटिमीटर. आधीच्या दुकानाने हा वाकडेपणा पाहिलाच नाही. तो नॉबने झाकला आणि वर ‘झिरो केला’ म्हणून पैसे घेतले. याचा मला आजही राग आहे.

इलाज करताना काकांनी रायफलीला नवे भोक पाडण्यास साफ नकार दिला. जुन्या पोलादात पुन्हा छिद्र पाडले तर ती कमकुवत होते आणि तिचे मूळ रूपही जाते, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते मला पूर्ण पटले. त्याऐवजी त्यांनी मापे घेऊन १३० मिलिमीटर लांबीच्या अखंड बेसचे रेखाटन काढले, ज्यात मागचे भोक तेवढेच पाऊण मिलिमीटर बाजूला धरलेले होते, म्हणजे बेस बसल्यावर वरची पट्टी रायफलीच्या नळीशी समांतर येईल. ते रेखाटन घेऊन मी शिवाजी उद्यमनगरात एका मिलिंगवाल्याकडे गेलो. एन-एट पोलादाची पट्टी, वरचा खाचा पूर्ण लांबीभर एकाच सेटिंगमध्ये काढलेला, कडा मोडलेल्या आणि शेवटी ब्लॅकनिंग. शेतीपंपापासून गिअरपर्यंत काहीही मापात करून देणाऱ्या या पेठेचा एखाद्या शहराला किती आधार असतो, हे तेथे उभे राहिल्यावर कळते. पाऊण मिलिमीटरच्या मापासाठी त्या माणसाने दोनदा डायल लावून पाहिले आणि पहिली पट्टी मनासारखी न झाल्यामुळे स्वतःहून बाजूला टाकली.

दुसऱ्या भेटीचे काम पाहण्यासारखे होते. स्क्रूच्या भोकांतले जुने तेल स्पिरिटने पुसून काढले, बेसच्या स्क्रूंना मध्यम ताकदीचा निळा लॉकटाइट लावला आणि ते आवळण्याचा जोर इंच-पौंडात मोजणाऱ्या टॉर्क ड्रायव्हरने २० वर आवळले. मग बेसवर रिंगांचे खालचे भाग बसवून त्यांत ३० मिलिमीटरचा सरळ पोलादी दांडा ठेवला, त्यावर गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह बसवायला वापरतात तसली बारीक पेस्ट लावली आणि दांडा हळूहळू पुढे-मागे फिरवला. पंधरा-वीस वेळा फिरवून पुसल्यावर रिंगेच्या आत जेथे धातू घासला गेला तेथे चमक आली होती आणि जेथे टेकलाच नव्हता तेथे काळा रंग तसाच होता. सुरुवातीला मागच्या रिंगेत केवळ एका कडेला, नखाएवढ्या पट्ट्यात, चमक होती. म्हणजे आधीच्या बसवणीत सगळा ताण त्या एवढ्याशा जागेवर येत होता, आणि माझ्या स्कोपच्या नळीवर त्या जागी दोन बारीक रेघा उमटलेल्या होत्याच. काकांनी व्हर्नियर लावून नळी चेपलेली नाही याची खात्री केली आणि रिंगेचा बहुतेक आतला भाग उजळेपर्यंत घासणे चालू ठेवले. पेस्टचा कणही मागे राहू नये म्हणून शेवटी रिंगा तीन वेळा धुतल्या.

स्कोप ठेवल्यावर लगेच आवळायचा नसतो. तो किती पुढे-मागे हवा हे डोळ्यावरून ठरते. काकांनी मला सर्वांत मोठ्या पटीवर स्कोप ठेवून, डोळे मिटून, नेहमीसारखा दस्ता खांद्याला आणि गाल दस्त्याला टेकवायला सांगितले आणि मग डोळे उघडायला सांगितले. उघडल्याबरोबर संपूर्ण चित्र, कडेला काळी सावली न येता, दिसले पाहिजे. मान पुढे-मागे करून चित्र शोधावे लागत असेल तर स्कोप चुकीच्या जागी आहे. हे बसून आणि पालथे पडून अशा दोन्ही स्थितींत पाहिले, कारण पालथे पडल्यावर डोळा पुढे सरकतो. माझ्या डोळ्यापासून मागच्या काचेपर्यंत नऊ सेंटिमीटर अंतर ठेवले आहे. थर्टी-ओ-सिक्सचा मागचा धक्का जोरदार असतो. याहून जवळ डोळा नेला तर भुवईवर काचेची कड बसते आणि एकदा बसली की माणूस पुढे कित्येक दिवस चाप ओढताना दचकत राहतो.

आतली आडवी-उभी रेघ सरळ बसवण्यासाठी मी लेझर वगैरे पाहण्याची अपेक्षा ठेवली होती. काकांनी गवंड्याचा ओळंबा आणला. दुकानामागच्या बंद आवारात पांढऱ्या भिंतीसमोर तो टांगला, बोल्ट काढलेली रायफल शिकंजात बेसवर लहान पाणसळ ठेवून समतल केली, आणि ओळंब्याची दोरी व स्कोपमधली उभी रेघ एकावर एक येईपर्यंत स्कोप केसाकेसाने फिरवला. ही रेघ तीन अंशांनी जरी कललेली राहिली तरी १०० मीटरवर काही कळत नाही, पण ३०० मीटरसाठी उंची वाढवताना गोळी वर जाण्याबरोबर दोन-अडीच सेंटिमीटर बाजूलाही सरकते, आणि आपण तो दोष वाऱ्याला देत बसतो. नंतर रिंगांचे स्क्रू चौकोनाच्या समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करत, १५ इंच-पौंडावर आणले. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत ना, हे प्रत्येक फेरीनंतर कागदाची पट्टी सरकवून पाहिले. आवळताना रेघ फिरते, म्हणून शेवटी पुन्हा ओळंबा. एकदा ती खरोखर फिरली होती. सगळे सैल करून त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

मागच्या काचेचे फोकस कसे लावायचे ते मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते. लक्ष्याकडे पाहून नव्हे, तर मोकळ्या आभाळाकडे किंवा कोऱ्या भिंतीकडे पाहून, एका वेळी दोन-तीन सेकंदच, रेघा कडक काळ्या दिसेपर्यंत ते फिरवायचे. जास्त वेळ पाहिले तर डोळा स्वतः जुळवून घेतो आणि फोकस चुकलेले असूनही बरोबर वाटते.

मला सर्वांत आवडली ती तपासणी मात्र काडतूस न जाळता झाली. काकांच्या विनंतीवरून रेंजवर, गोळीबार बंद असताना आणि बोल्ट बाहेर ठेवून, बरोबर १०० मीटर अंतर टेपने मोजून एका फळीवर ओळंब्यात मोजपट्टी उभी चिकटवली. रायफल शिकंजात घट्ट धरली, रेघ पट्टीच्या शून्यावर आणली आणि उंचीच्या नॉबच्या ८० क्लिक, म्हणजे २० एमओए, दिल्या. स्कोप खरा असेल तर रेघ ५८.२ सेंटिमीटर सरकली पाहिजे. माझी ५७ सरकली. परत ८० क्लिक मागे आणल्यावर ती अचूक शून्यावर आली. हे तीनदा केले आणि तिन्ही वेळा तेच आले. म्हणजे माझ्या स्कोपची क्लिक छापील मापापेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी लहान आहे, पण प्रामाणिक आहे. मला प्रथम वाईट वाटले. काकांचे मत असे पडले की दोन टक्के कमी असलेली पण दर वेळी तेवढीच कमी असलेली क्लिक हिशेबात धरता येते. कधी पुरी आणि कधी अपुरी असलेली क्लिक घेऊन काहीच करता येत नाही. ३०० मीटरवर गोळी जेवढी खाली जाते त्या ४५ सेंटिमीटरमध्ये दोन टक्के म्हणजे एक सेंटिमीटरही होत नाही, हे पाहता त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

प्रत्यक्ष झिरो त्यांनी स्वतः करून दिला नाही. “गाल तुमचा, डोळा तुमचा, मी केलेला झिरो तुमच्या काय कामाचा?” असे म्हणून ते शेजारी खुर्ची टाकून बसले. सकाळी साडेसातची वेळ, वारा पडलेला. बोल्ट काढून नळीतून २५ मीटरवरचे टार्गेट मध्यभागी पाहिले आणि रायफल न हलवता स्कोपची रेघ त्याच ठिपक्यावर आणली. नवा बेस सरळ असल्यामुळे बाजूच्या नॉबला मध्यापासून फार हलवावे लागले नाही. २५ मीटरवर तीन गोळ्या. येथे मी नेहमीची चूक करत होतो: तीन सेंटिमीटर चुकले म्हणून १०० मीटरच्या हिशेबाने चार क्लिक देऊ लागलो, तर त्यांनी हात धरला. २५ मीटरवर एक क्लिक केवळ १.८ मिलिमीटर हलवते, तेथे सोळा-सतरा क्लिक हव्यात. मग १०० मीटरवर पाच गोळ्या, मध्ये नळी थंड होऊ देत. एकेका गोळीमागे नॉब फिरवायचा नाही. पाचही झाल्यावर ग्रुपचा मध्य शोधायचा आणि त्याच्यावरून मोजायचे. माझा मध्य आठ सेंटिमीटर खाली आणि पाच सेंटिमीटर उजवीकडे होता: ११ क्लिक वर, ७ क्लिक डावीकडे. पुढच्या पाच गोळ्या मध्यभागी, चार सेंटिमीटरच्या आत बसल्या. या रायफलीचा एवढा लहान ग्रुप मी यापूर्वी पाहिला नव्हता. साफ करून तेल लावलेल्या थंड नळीची पहिली गोळी त्यांनी वेगळी नोंदवायला सांगितली आहे, कारण ती बहुधा इतरांपासून थोडी वेगळी जाते आणि ती ग्रुपमध्ये धरली तर मध्य चुकतो.

३०० मीटरचा योग तीन आठवड्यांनी आला. माझी १८० ग्रेन (साधारण ११.७ ग्रॅम) वजनाची गोळी, १०० मीटरला झिरो असताना, ३०० मीटरवर साधारण ४५ सेंटिमीटर खाली जाते. या अंतरावर एक एमओए ८.७३ सेंटिमीटरचा, म्हणजे पाच एमओएच्या किंचित वर, आणि माझ्या क्लिकचे दोन टक्के धरून २१ क्लिक. डोळा हलला तरी रेघ लक्ष्यावरून सरकू नये यासाठी असलेला वेगळा पॅरलॅक्स नॉब मी त्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबून लावला नाही. रायफल टेकवून, डोके किंचित वर-खाली करून, रेघ लक्ष्यावरून सरकणे थांबेपर्यंत तो फिरवला. ज्यांच्या जुन्या शिकारी स्कोपला हा नॉब नसतो आणि काच १०० यार्डांना पक्की केलेली असते त्यांना या अंतरावर डोळा मध्यभागी ठेवणे फार जपावे लागते. ४० मिलिमीटरच्या काचेत डोळा अगदी कडेला गेला तर ३०० मीटरवर साडेचार सेंटिमीटरपर्यंत चूक होऊ शकते. पहिल्या पाच गोळ्या १४ सेंटिमीटरच्या ग्रुपमध्ये लागल्या, मध्य टार्गेटच्या केंद्राच्या किंचित डावीकडे. ऊन चढल्यावर जमिनीवरून लहरी उठू लागल्या आणि सोळा पटीत लक्ष्य पाण्यात बुडाल्यासारखे हलू लागले, तेव्हा पट दहावर आणताच चित्र शांत झाले. दुपारी वारा सुटला आणि मी थांबलो. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा या अंतरावर अशा गोळीला दहा सेंटिमीटरहून अधिक ढकलतो, आणि तो वाचणे मला अजून येत नाही.

कामात उणिवाही आहेत. काकांनी आठवडा सांगितला होता, लागले पावणेदोन महिने. त्यातला काही वेळ उद्यमनगरातला आणि काही रेंजची वेळ मिळण्यातला हे खरे असले तरी मधल्या काळात स्वतःहून एक निरोपही आला नाही. झिरो झाल्यावर नॉबची वरची टोपी सैल करून तिचा शून्य रेघेवर आणून द्यायला ते विसरले. मी आठवण केली तेव्हा दोन मिनिटांत करून दिले, पण ज्याला हे ठाऊक नाही तो कायम चुकीच्या आकड्यापासून मोजत बसेल. माझ्या स्कोपमध्ये रेघेवरचे ठिपके मिलचे (हेही कोनाचेच माप) आणि नॉब एमओएचे, अशी सरमिसळ आहे. एक मिल म्हणजे ३.४४ एमओए, माझ्या जवळजवळ चौदा क्लिक, आणि हे ठिपके या स्कोपात सर्वांत मोठ्या पटीवरच खरे असतात. हे मला विचारून विचारून काढून घ्यावे लागले. कारागिराचा हात बोलतो, तोंड कमी बोलते. नव्या माणसाला ते जड जाईल. लेखी काहीच देत नाहीत ही माझी खरी तक्रार आहे. टॉर्कचे आकडे, क्लिकचा फरक, हे सगळे मीच वहीत उतरवून घेतले.

मजुरी २,५०० रुपये झाली आणि बेसचे उद्यमनगरात १,६०० रुपये वेगळे लागले. स्कोपच्या किमतीपुढे ही रक्कम लहान आहे, आणि दीड वर्षात मी वाया घालवलेल्या काडतुसांपुढे तर फारच लहान. ज्यांचा झिरो वारंवार सरकतो त्यांनी नवा स्कोप विकत घेण्याआधी या दुकानात जाऊन यावे असे मी आग्रहाने म्हणेन.

जाताना मूळ परवाना न्यावा, रायफल रिकामी आणि बंद पेटीत असावी, रेंजच्या दिवशी एकाच लॉटची किमान पंधरा काडतुसे बरोबर असावीत आणि आधी वेळ ठरवून जावे. काका आठवड्याला दोनच रायफली हाती घेतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात रायफल कातडी पेटीत ठेवू नका असे त्यांनी मला दोनदा बजावले आहे, कारण कातडे ओल धरते आणि सर्वांत आधी स्क्रूंच्या डोक्यांवर गंज चढतो. चाळीस गोळ्यांनंतर रिंगांचे स्क्रू पुन्हा टॉर्कवर तपासायचे ठरले आहे. आतापर्यंत एकतीस झाल्या आहेत. पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या कागदावर १०० ला शून्य, २०० ला ९ आणि ३०० ला २१, एवढे तीन आकडे आहेत. त्यांपैकी २०० चा अजून केवळ हिशेबाने काढलेला असून गोळी झाडून तपासायचा राहिला आहे.